गूळ संपल्यावर

बाराच्या ठोक्याला डॉक्टर खांबेट्यांच्या घरात एकही जंतू जिवंत राहता कामा नये, असा नियम होता. सांगलीच्या गावभागातलं घर. पुढच्या खोलीत दवाखाना, मधल्या खोलीत प्रयोगशाळा आणि तिच्या भिंतीला लागून स्वयंपाकघर. म्हणजे भिंतीच्या अलीकडं जंतू वाढवायचे आणि पलीकडं नैवेद्य दाखवायचा! डॉक्टर मुंबईला शिकलेले, विलायती पुस्तकं घोटून प्यालेले. पण सोवळं नेसून पाटावर बसायच्या आधी मधल्या खोलीतल्या सगळ्या काचेच्या नळ्या उकळत्या पाण्यात गेल्या पाहिजेत म्हणजे पाहिजेत. हे काम मधूचं.

मधु वाईचा. बी.एस्सी.ला दोनदा आपटलेला, चोवीस वर्षांचा, आणि लग्न झालेलं असून बिनबायकोचा. बायको, उमा, वाईतच तिच्या वडिलांकडं. सासरेबुवांनी स्पष्ट सांगितलं होतं की जावई रिकामा हिंडतोय तोवर मुलगी पाठवणार नाही. जावयानं काहीतरी व्हावं, मग बघू. तर हा काहीतरी व्हायला सांगलीत आला आणि नळ्या धुऊ लागला.

साल चव्वेचाळीस. लढाईमुळं जंतूंना घालायचं विलायती खाद्य मिळेना. जंतू साठवून ठेवायला जे आगर लागतं, खरवसासारखं गोठणारं, ते यायचं जपानातून, आणि जपानशीच तर जुंपलेली. डॉक्टर काही अडून बसणारा माणूस नव्हे. त्यांनी सांगलीत मिळतं त्यातून जंतूंचं जेवण शिजवलं: लिंबू पिळून फाडलेल्या दुधाची गाळून घेतलेली निवळ, मीठ, चिमूटभर नवसागर, आणि प्रत्येक नळीला गव्हाच्या दाण्याएवढा गूळ. जास्त गूळ नाही, कारण नळी काळपट होते आणि पलीकडचं दिसत नाही.

पलीकडचं म्हणजे काय, तर पंचांग. नळी पंचांगाच्या पानासमोर धरायची आणि वाचायचं. जंतू वाढले की पाणी गढूळ होतं. आधी बारीक अक्षरं जातात, मग मधली, मग मोठी. साधी, फुकटची आणि खरं सांगायचं तर चांगली युक्ती होती ती. डॉक्टर मूर्ख नव्हते. तसे असते तर ही गोष्ट इतकी वाईट झाली नसती.

पहाटे पाचला मधूनं रोग्याच्या लघवीचा एक थेंब नळ्यांत सोडायचा. अकराला डॉक्टर पूजा आटोपून यायचे. तोवर मधली अक्षरं गेलेली असायची. मग डॉक्टर नळीत स्वतःच्या औषधाचे दहा थेंब टाकायचे. गोखरू आणि पुनर्नव्याचा तो अर्क, नाव ‘अर्क नंबर सात’. तासभर ते खुर्चीवर बसून पंचांगाकडं बघायचे. मोठी अक्षरं जशीच्या तशी! वाढ ठप्प! डॉक्टर वहीत लिहायचे, “जंतू मेले.” मग बारा वाजायचे, नळ्या उकळायच्या आणि पानं वाढायची.

मधूनं एकदा भीत भीत विचारलं होतं, “डॉक्टर, एखादी नळी बिनऔषधाची ठेवली तर? तुलनेला?”

“का? तुझ्या सासऱ्याला पाठवायची आहे?” डॉक्टर म्हणाले. त्यानंतर मधूनं विचारलं नाही.

चैत्र सरता सरता पलूसचा केरबा हवालदार बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला. तीन वर्षांनी अठ्ठावीस दिवसांच्या रजेवर आलेला गडी, आणि घरी येऊन बघतो तर चंद्राबाई हुडहुडी भरून पडलेली. कंबरेत कळा, लघवीला आग, ताप चढतोय उतरतोय. डॉक्टरांनी तिच्या लघवीची बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, मूत्रपिंडात जंतू शिरलेत. दवाखान्यामागं एक खोली होती, तिथं तिला ठेवून घेतलं. झाडलोट करणारी राहीबाई तिच्या उशाशी बसायची.

केरबानं खाकी पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली. तोंडाला कागदाची पट्टी डकवलेली. “डाक्तरसाब, ह्या सल्फाच्या गोळ्या हायत. आमच्या पलटनीच्या डाक्तरानं दिल्यात. म्हनला, घरात कुनाला जंतूचा ताप आला तर चार दिस दे. आमची पोरं उठून बसलीत ह्याच्यावर.”

डॉक्टरांनी डबी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली जानव्याला बांधलेली असायची, ती परत सदऱ्याआड गेली.

“हवालदार, दोन औषधं एका वेळी दिली तर गुण कशाचा ते कळेल का? आठ दिवस माझं औषध. नाही उतरला तर नवव्या दिवशी तुमच्या गोळ्या.”

“जी साब,” केरबा म्हणाला आणि त्यानं चक्क टाच जुळवली. शिकलेल्या माणसाचा हुकूम मानायची सवय लागलेली ना!

डॉक्टरांनी अजून एक हुकूम दिला. रोज पहाटे बाईंच्या लघवीची बाटली आली पाहिजे, एक दिवस चुकायचा नाही. आगर नाही, आणि बारानंतर घरात जंतू ठेवायची सोय नाही, तेव्हा ताजे जंतू रोज तिच्याकडूनच घ्यायचे.

चंद्राबाई जिभेची तिखट होती. तापातसुद्धा तिला गप्प बसवेना. मधु बाटली न्यायला आला की म्हणायची, “काय वं कंपौंडर, माझं पानी पंचांगाम्होरं धरून बघतायसा म्हनं. मग बघा की, माझ्या नशिबात काय लिवलंय!” मधु लाजून कानापर्यंत लाल व्हायचा आणि ती कंबर धरून हसायची. हसताना कळ आली की शिवी द्यायची. मधूला ती आवडायची. उमाही अशीच बोलत असेल का, असं त्याच्या मनात येऊन जायचं. लग्नानंतर चार दिवसही ती त्याच्याशी बोललेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर साताऱ्याला गेले. ज्येष्ठात तिथं डॉक्टर मंडळींची सभा होती, तिच्यात अर्क नंबर सातवर पेपर वाचायची वेळ ठरवून घ्यायची होती. जाताना मधूला बजावलं, अकराला औषध टाक, बाराला उकळ. मधूनं अकराला औषध टाकलं. मग ओरडायला कोणी नाही म्हटल्यावर जरा आडवा झाला, आणि वैशाखाच्या तोंडावरची ती झळ, त्याला जी झोप लागली ती अडीचला मोडली.

तो धडपडत उठला आणि नळ्या गोळा करायला गेला. हातातली नळी पंचांगासमोर आली. मोठी अक्षरं गेली होती.

औषध घातलेली नळी! अकराला मेलेले जंतू अडीचला दुप्पट! त्यानं दुसरी नळी धरली, तिसरी धरली. सगळ्यांत तेच.

रोज मरत होतं ते मरत नव्हतंच. थांबत होतं. आणि ते परत चालू व्हायच्या आत आपण रोज उकळून टाकत होतो, कारण पलीकडं वरणाला फोडणी पडलेली असायची.

दुसऱ्या दिवशी मधूनं पहिल्यांदा आयुष्यात चोरी केली, म्हणजे सहा नळ्या घरामागच्या गोठ्यात दडवल्या. वैशाखात सांगलीचा गोठा म्हणजे फुकटची उबवणी. दोन नळ्यांत नुसता गूळ, दोनांत नुसती दुधाची निवळ, दोनांत दोन्ही. औषध कशातच नाही. गुळाची नळी झपझप गढूळ झाली आणि गूळ संपला तिथं कायमची थांबली. दुधाची नळी सुरुवातीला ढिम्म, मग हळूहळू जागी झाली. आणि दोन्ही असलेली नळी अगदी घड्याळ लावल्यासारखी अकराला थांबली, एकपर्यंत तशीच राहिली, आणि मग चालू पडली. औषधाचा थेंब नसताना!

मधु गोठ्यात खाली शेणातच बसला. बी.एस्सी.ला दोनदा आपटला असेल, पण डोकं होतं त्याला. त्याला कळलं. जंतूला गूळ पचवायला वेगळं द्रव्य लागतं, दुधातली साखर पचवायला वेगळं. पुस्तकात त्याला एन्झाइम म्हणतात. समोर गूळ आहे तोवर जंतू दुधाचं एन्झाइम बनवतच नाही. कशाला बनवील? सोपं खाणं चालू आहे की! गूळ संपला की उपाशी पडतो, थबकतो, आणि त्या उपासात नवं एन्झाइम बनवून घेतो. मग दुधाला लागतो. तो थांबलेला वेळ म्हणजे मरण नव्हे, तयारी होती. डोळ्यालाही न दिसणाऱ्या एका जिवाचा हा हिशेबीपणा! मधूला इतका आनंद झाला की त्यानं गाईच्या पाठीवर थाप मारली.

आणि मग त्याला चंद्राबाई आठवली. म्हणजे अर्क नंबर सात म्हणजे काहीच नाही. म्हणजे ती चार दिवस कडू पाणी पितेय.

पाचव्या दिवशी त्यानं डॉक्टरांना सगळं सांगितलं. थोबाडीत बसेल अशी तयारी ठेवूनच सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा आधी पांढरा पडला. ते गोठ्यात गेले, सोवळ्यानिशी गेले, नळ्या बघितल्या, परत बघितल्या. मग त्यांचे डोळे असे चमकले, की मधूला वाटलं, सुटलो.

“मध्या, अर्क गेला खड्ड्यात,” ते म्हणाले. “हे त्याहून मोठं आहे. शंभर अर्क ओवाळून टाकावेत असं. साताऱ्यात हेच वाचायचं. पेपरावर दोन नावं. खांबेटे आणि तुझं.”

आता सांगूनच टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. त्या पेपरावर एकच नाव आलं, आणि ते मधूचं नव्हतं. आणि लढाई संपल्यावर बोटीनं विलायती मासिकांचे गठ्ठे आले, तेव्हा कळलं की हीच गोष्ट दूर युरोपात कोणीतरी आधीच शोधून, लिहून, छापून मोकळं झालं होतं. म्हणजे ज्यासाठी सगळं झालं, ते आधीच झालेलं होतं. पण त्या दिवशी गोठ्यात उभ्या असलेल्या मधूला हे कुठून कळणार? त्याला वाईतलं सासऱ्याचं दार उघडताना दिसत होतं.

तरी त्यानं विचारलं, हे मात्र त्याच्या बाजूनं लिहून ठेवायला पाहिजे. तो म्हणाला, “मग चंद्राबाईला गोळ्या चालू करू या?”

“करू की. सात वाचनं होऊ देत. एकदोन नळ्यांवर सभेत कोण विश्वास ठेवेल? सात दिवस, सारखा निकाल, मग गोळ्या.”

“पण जंतू आता नळीतच आहेत की डॉक्टर. गोठ्यात ठेवले तर विटाळाचा प्रश्न नाही. आजच्या नळीतला थेंब उद्याच्या नळीत टाकू. बाईंच्या बाटलीची गरजच काय?”

चांगला मार्ग होता. डॉक्टर क्षणभर थांबलेही. आणि इथं मधूच्या हुशारीनं घात केला. त्याला गप्प बसवेना. आपल्याला आणखी एक गोष्ट सापडलीय, ती सांगायची हौस!

“फक्त एक आहे,” तो म्हणाला. “काल दुपारची, दूध खाऊन वाढलेली नळी होती ना, तिच्यातला थेंब आज पहाटे नव्या नळीत टाकून बघितला. तो जंतू थांबतच नाही. अकराला नुसता अडखळल्यासारखा करतो आणि पुढं जातो. जणू दुधाचं एन्झाइम त्याच्या अंगात शिल्लकच आहे. थांबतो तो फक्त ताजा जंतू, दूध कधी न चाखलेला.”

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “वा! मग तर ताजाच हवा. कोरा. रोज बाईंच्याच अंगातला. तूच सिद्ध केलंस, मध्या.”

 आपण काय बोलून बसलो हे मधूला तिथल्या तिथं कळलं. गोळ्या दिल्या की चंद्राबाईच्या अंगातले जंतू मरणार, आणि ते मेले की नळ्या रिकाम्या. म्हणजे तिचा ताप हेच आता जंतूंचं कोठार होतं. तो डॉक्टरांच्या हाताखाली उभा राहिला, आणि सात दिवसांनी काय बिघडतं असं स्वतःला म्हणाला.

सातव्या दिवशी ताप उतरला. चंद्राबाई उठून बसली, राहीबाईकडून केस विंचरून घेतले, केरबाला म्हणाली, “आवं, मिश्या कापून या, पलटनीतनं आलाय का रानातनं?” केरबा हसत हसत न्हाव्याकडं गेला. मधूचा जीव भांड्यात पडला. बघ, काही झालं नाही, उगाच घाबरत होतास.

पण हा मधु. चारच दिवसांपूर्वी ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं की थांबलेलं म्हणजे मेलेलं नसतं, तो! बाटलीतलं पाणी तसंच गढूळ होतं. त्यानं ते बघितलं आणि बघितलं नाही. माणसाला सोयीचं असेल तेवढंच दिसतं, त्याला काय करणार.

आठव्या दिवशी संध्याकाळी केरबा आला. “कंपौंडरसायेब, आट दिस झालं. ताप हाय न्हाई, पर डाक्तरसाबनी सांगितलं व्हतं तसं गोळ्या चालू करायच्या न्हवं? म्हंजे मुळातनं जाईल.”

डॉक्टर आत पूजेला बसलेले. मधूला फक्त म्हणायचं होतं, की नाही, दिल्या नाहीत, मागून घ्या, ओरडा, भांडा, कपाट फोडा. केरबासारख्या गड्यानं कपाट एका लाथेत फोडलं असतं.

“चालू केल्यात,” मधु म्हणाला. “अर्कातच विरघळवून देतो. नुसत्या गोळीनं मळमळतं.”

“देव तुमचं भलं करो,” केरबा म्हणाला. आणि खिशातून पेरूच्या चार फोडी काढून दिल्या. त्या मधूनं खाल्ल्या.

नवव्या दिवशी दुपारी चंद्राबाईला अशी हुडहुडी भरली की खाट वाजायला लागली. दहाव्या दिवशी ती बडबडू लागली, कुणीतरी तिच्या कंबरेत पहार घालतंय म्हणून ओरडू लागली. राहीबाई मधूच्या अंगावर धावून आली. “आवं, बाईचं काय केलंयसा तुमी? माणसं हायसा का कोन हायसा?” अकराव्या दिवशी मधु डॉक्टरांसमोर उभा राहिला. 

“डॉक्टर, किल्ली द्या. सहा वाचनं झालीत. पुरे झाली.”

डॉक्टर वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, “सहा आणि सातात फरक असतो, मधु. उद्या दुपारी सातवं वाचन, आणि वाचन झालं की त्याच पावली गोळ्या. एक दिवस. तुझ्या नावाचा पेपर आहे हा, माझ्या एकट्याचा नाही.”

जानवं सदऱ्याच्या गळ्यातून दिसत होतं. किल्ली वीतभर अंतरावर होती. डॉक्टर पन्नाशीचे, पोट सुटलेले. मधूनं हात पुढं केला असता तर त्यांनी काय केलं असतं? हाकललं असतं. आणि हाकललं असतं तर वाईला जाऊन सासऱ्याला काय तोंड दाखवायचं, ह्या एका विचारापाशी मधु थांबला. “बरं,” असं म्हणून तो नळ्या धुवायला गेला.

बाराव्या दिवशी पहाटे, मधु दार उघडतो तर पायरीवर केरबा उभा. हातात बाटली.

“घ्या,” तो म्हणाला. “पहाटंच्या आदीची हाय. मग ती ग्येली. तुमी म्हनला व्हता, एक दिस चुकायचा न्हाई.”

मधूच्या हातात ती बाटली कोमट लागली.   

डॉक्टर आले, त्यांनी खोलीत जाऊन बघितलं, बाहेर येऊन केरबाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “फार उशिरा आणली होतीत, हवालदार.” मग मधूला बाजूला घेऊन हलकेच म्हणाले, “थेंब टाक. ताजं आहे तोवर.”

आणि मधूनं थेंब टाकला. हो, टाकला. मलाही लिहिताना राग येतो, पण टाकला.

चंद्राबाईचा भाऊ ज्ञानू आटपाडीहून आदल्या दिवशीच निघाला होता, तो तिसऱ्या प्रहरापर्यंत पोचणार. तोवर मढं हलवायचं नव्हतं. बायकांनी खोली भरली, तेव्हा केरबा अंगणात आला. अकराला त्यानं डॉक्टरांकडं डबी परत मागितली. पलटणीची चीज, पलटणीत जमा करायची. डॉक्टरांनी जानव्याची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि डबी त्याच्या हातात दिली, आणि पूजा राहिलीय म्हणून आत निघून गेले. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

केरबानं डबी हातात तोलली. कानाशी धरून हलवली. भरगच्च वाजली. मग त्यानं तोंडाकडं बघितलं. कागदाची पट्टी जशीच्या तशी होती, पलटणीच्या डॉक्टरच्या सहीसकट.

तो गोठ्यात आला. मधु पंचांगासमोर नळी धरून बसलेला. केरबानं डबी त्याच्या पुढ्यात ठेवली.

“एक बी न्हाई?”

मधूनं मान हलवली.

“मग तिला काय देत व्हता?”

“काही नाही,” मधु म्हणाला. आणि मग त्याला रडू फुटलं आणि तो सगळं बोलत सुटला. गूळ, दूध, थांबणं, कोरा जंतू, सात वाचनं, साताऱ्याची सभा, पेपरावरचं नाव. काहीही लपवलं नाही. त्याला वाटलं, आता हा आपल्याला मारणार. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. पण केरबा गोठ्याच्या उंबऱ्यावर खाली बसला आणि नळीकडं बघत राहिला.

“हे तिच्यातलं हाय?”

“हो.”

“जितं हाय?”

“हो.”

“हालत न्हाई की.”

“थांबलंय. गूळ संपलाय. आता दुधाची तयारी करतंय. एकनंतर दिसेल.”

“बसतो मग,” केरबा म्हणाला.

आत बाराचे ठोके पडले, पानं वाढली गेली, डॉक्टर जेवले. मागच्या खोलीत राहीबाई हुंदके देत होती. उन्हानं गोठा भाजून निघत होता. दोघं पंचांगासमोर बसून राहिले, एक शिकलेला, एक अडाणी, आणि मधे ती नळी. साडेबारा झाले. मोठी अक्षरं दिसत होती. एक झाला. दिसत होती. सव्वाच्या सुमाराला ‘वैशाख’ शब्दाच्या कडा पुसट झाल्या. दोनला शब्द गेला.

सातवं वाचन सातांत सगळ्यांत स्वच्छ आलं.

“ती ग्येली, आन् हे उठलं,” केरबा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. तो उठला, डबी खाकी पिशवीत टाकली, धोतराचा सोगा झटकला. बाहेर गाडीच्या चाकांचा आवाज आला. ज्ञानू आला होता.

दारातून तो मागं वळला.

“कंपौंडरसायेब, त्या कागदावर तुमचं नाव येनार न्हवं?”

मधूनं खाली मान घातली.

“मग तिचं बी घाला. चंद्राबाई केरबा साळुंखे, मुक्काम पलूस. सात दिस तिनं बी काम केलंय तुमच्यासंगं.” मग तो म्हणाला, “घालशीला न्हवं?”

“घालतो,” मधु म्हणाला.